बापाला मत द्या

नाही नाही, हेल्मेट काढा म्हणू नका! पेज मागा, वर मासा जास्त मागा, पण हेल्मेट राहू द्या… मान्य आहे, शेगडीपाशी उकडतं, घाम फुटतो, पण तो तुमच्या वाडग्यात नाही पडणार. मला एक सांगा, तो व्हिडिओ न पाहिलेला एक तरी माणूस या ताइनान शहरात उरलाय का? तुम्ही पाहिलात. तुम्हीही. आणि मावशी, तुम्ही तर जावयाला पाठवलात, जावयानंच मला सांगितलं.

आता तुम्हाला सांगतो, मुळात ही कल्पना आमच्या पिन-यूची. बारा वर्षांची पोरगी! गल्लीच्या टोकाला एकट्या म्हाताऱ्यांना डबे पोचवणारं स्वयंपाकघर आहे ना, तिथला तांदूळ संपत आला, तर ही म्हणाली, बाबा, आपण दोघं सायकलवरून अख्ख्या बेटाला चक्कर मारू, आणि जेवढं अंतर आपण पायानं तोडू तेवढा तांदूळ शेजाऱ्यांनी द्यायचा. लेक असं म्हणाल्यावर बाप मागे हटेल का? मी म्हणालो, अगं, सैन्यात असताना मी सायकल घेऊन डोंगर चढलोय! चढलोच होतो… सायकल ट्रकमध्ये होती, मीही ट्रकमध्ये होतो, पण डोंगर खराच होता.

मग फलक हवा. छापखान्यात गेलो तर निवडणुकीची ही गर्दी, मालक मान वर करेना. म्हणाला, उमेदवाराचा साचा तयार आहे, तोंड आणि नाव बदलून देतो, हवं तर घ्या. घेतलं! मूठ उगारलेला माझा हा एवढा फोटो, खाली ‘वेंग चिन-शुई, आपला पाठिंबा हवा’, आणि वर तसंच नाव छापलेलं एक जाकीट. पिन-यू कुठे? कोपऱ्यात, टपालाच्या तिकिटाएवढी. ती म्हणाली, यात मी दिसतच नाही. मी म्हणालो, तुला दिसायचंय की तांदूळ हवाय?

किनाऱ्याचा सपाट रस्ता होता तोवर मी राजा होतो. स्कूटरवाले ओरडून हुरूप देत होते, कुणी केळी हातात कोंबत होतं, पोलीस चौकीत पाणी भरून देत, चाकात हवाही मारून देत. आणि मग आला शौखाचा घाट… पहिल्याच वळणावर मी म्हणालो, पिन-यू, तू हो पुढे, मी जरा निसर्ग बघतो. कसला निसर्ग, डोळ्यांपुढे काजवे चमकत होते! ती गेली, आणि मागून एक निळा टेम्पो आला, कांदेवाल्याचा. म्हणाला, चला, वर सोडतो. मी नाही म्हणालो. खरंच म्हणालो. जरा हळू म्हणालो असेन.

पुढे त्याची बायको आणि कुत्रा, म्हणून मी मागे, पोत्यांमध्ये उभा, एका हातानं सायकल धरून, सायकलीवर फलक फडफडतोय, अंगात जाकीट. आणि त्या भल्या माणसानं सवयीनं भोंगा लावला, “आलो आलो, तुमच्या दारी आलो!” झालं, घाटातल्या घराघरांतून माणसं बाहेर! त्यांना काय दिसलं? टेम्पो, भोंगा, मूठ, नाव… त्यांनी हात हलवले. समोरचा हात हलवतोय म्हटल्यावर आपण काय खांबासारखं उभं राहायचं? मीही हलवला. मग एका आजोबांनी टाळी वाजवली, माझे हात आपोआप जोडले गेले. दोन वळणांनंतर तर मी शेळ्यांपुढेही वाकत होतो… “कृपा असू द्या, आपल्या माणसाला मत द्या!”

पुढच्या वळणावर कुणीतरी पेडलवर उभं राहून कसंबसं चढत होतं. मी दोन्ही हात जोडले, कमरेतून वाकलो, “कृपा असू द्या!” म्हणालो, मान वर केली… तर पिन-यू. माझी पोरगी हो! आणि तिच्यामागे कुणी एक प्रवासी, मोबाइल धरून, व्हिडिओ काढत. टेम्पो काही थांबला नाही, आणि मीही थांबव म्हणालो नाही. म्हणून म्हणतो, हेल्मेट राहू द्या.

वर विसाव्याच्या जागी पोत्यांमागे लपून बसलो. ती आली, तोंड लालबुंद, सायकल भिंतीला टेकवली, तिथल्या आजींनी दिलेला चहा प्यायली, आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. ओरडेल, रडेल… काही नाही. हळूच म्हणाली,

“बाबा, तुम्ही माझ्याकडेपण मत मागितलंत?”

तुम्हाला सांगतो, बायकोनं चारचौघांत काढली नसेल एवढी लाज त्या एका वाक्यात निघाली माझी. मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि ही जीभ बघा, अशा वेळीसुद्धा काय बोलली? “मग… देशील का?”

“आधी खाली जाऊन या,” ती म्हणाली.

गेलो! टेम्पोनं आलो तेवढा सगळा घाट उतरलो, आणि चढलो. अर्धा रडत, अर्धा सायकल ढकलत. आणि वर ती घाटातली माणसं, एक म्हातारी दुसरीला सांगतेय, बघ, हा खरा माणूस, परत भेटायला आला! शेवटच्या वळणावर पिन-यू उभी होती. माझ्या पाठीला हात लावून ढकलत राहिली. मग वर पोचल्यावर फलक उलटा करून बांधला, कोरी बाजू वर. उरलेलं बेट आम्ही तसंच फिरलो.

तांदूळ पोचला, म्हाताऱ्यांचे डबे चालू आहेत, ते झालं. पण आता अर्धी गल्ली म्हणतेय, चिन-शुई, गल्लीप्रमुखाला उभा राहा, तुझा प्रचार तर झालाय! मी म्हणालो, घरचंच मत पक्कं नाही, उभा कसला राहू? काल भीत भीत पिन-यूला विचारलं, बाई गं, त्या मताचं काय ठरलं? तर वाटाणे सोलता सोलता म्हणाली, “आपल्याकडे मत विसाव्या वर्षी मिळतं, बाबा. तोवर बघते तुमच्याकडे. आणि सायकल विकू नका.”

म्हणजे अजून आठ वर्षं! घ्या, पेज घ्या, निवतेय… हेल्मेट ना? राहू द्या हो, आचारसंहिता लागलीय.