तर्रीचा पट्टा

चाला भाऊ, चालता चालताच सांगतो, मले एका जागी बसून बोलता येत नाही. मंदा, म्हंजे माही बायको, ते म्हनते, तुम्ही पायाले भिंगरी बांधूनच जलमले. खरं आहे तिचं. उमरेडकडचं आमचं गाव, माहा बाप गावचा गायकी. गायकी म्हंजे काय, तं साऱ्या गावचे ढोरं सकाळी आखरावर जमा करायचे, आखर म्हंजे गावाबाहेरची मोकळी जागा, तिथून हाकलत रानात न्यायचे, दिवसभर त्याइच्या मांगं मांगं फिरायचं आन दिवस बुडायच्या आंधी वापस आनायचे. मी लहान होतो तवापासून बापाच्या मांगं. शाळेत गेलो ना जी, चवथीपर्यंत गेलो, पन तिथं बसा लागे, तेच जमलं नाही.

आन आमच्या कामाची एक रीत होती, ते आंधी ऐका, नाही तं पुढचं समजनार नाही. गावाच्या तोंडाशी आलं का गायकी थांबते. मंग ज्याचं ढोर त्याच्या घरी आपल्या मनानं जाते. कोनाच्या दारात नेऊन देनं नाही, दावं नाही, कासरा नाही, जनावर मोकळं. आन एखादी गाय नाही आली तं दिवाबत्तीपर्यंत कोनी काही बोलत नव्हतं. दिवाबत्ती झाली का मालक येनार, काहून गा, माही गाय कुठं आहे? तवा गायकी कंदील घेऊन निंघे. त्याच्या आंधीच बोंबलत फिरला तं लोकं म्हनत, हा गायकी कच्चा आहे. बाप म्हने, बाबू, जनावराले घर समजते, तू घाबरू नको. माह्या हातून एक ढोर गेलं नाही, हे तो मरेपर्यंत सांगत होता. खाटेवर पडला तरी तेच सांगे, पानी पाजायले गेलो का तेच.

मंग गावात ढोरंच राहिले नाही. मी आलो शहराकडे, वाडीले, गोडाउनमध्ये बोरे उचलले, बोरे म्हंजे धान्याचे पोते, कंबर गेली तं सेठनं खुर्ची देली, चौकीदार हो म्हने. बापा रे, ते खुर्ची! बोरे परवडले, खुर्ची नाही. मी दिवसभर गोडाउनच्या भोवती फिरत राहो, सेठ ओरडे, अरे बैठ ना एक जगह, तेरे को देखके मेरा सर घूमता है. सोडून देलं मंग ते.

मंदा तवा मनीषनगरात एका मॅडमकडे पोळ्या करायले जाय. मॅडम आन साहेब दोघं नोकरीवाले, सकाळी नऊले निंघत, येता येता सात वाजत. घरात एक कुत्री, रश्श्यावरच्या तेलासारखी लालसर, म्हनून नाव ठेवलं तर्री. दिवसभर कोंडलेली, तं तिनं सोफा फाडला, दाराशी रडे, शेजारचे कटकट करत. मॅडम मंदाले म्हने, मावशी, दुपारी हिले फिरवनारं कोनी भरोशाचं आहे का? मंदा म्हने, आहे ना, घरीच आहे एक, त्यालेही फिरवाच लागते.

असा मी लागलो. मॅडमनं मले चाबी देली, समजावून सांगितलं, काका, साडेअकराले यायचं, घंटाभर फिरवायचं, घरात आनून पानी ठेवायचं, कुलूप लावायचं. गळ्यात पट्टा होता, पट्ट्याले दोरी आन एक पितळेची टिकली, त्याच्यावर मॅडमचा नंबर कोरलेला. मी समजलो, शोभेचं असन काही.

पहिले पंधरा दिवस मी सांगितलं तसंच केलं. पन तर्री लय गुनाची, मोड आला का आपल्या मनानं वळे, गेट दिसलं का शेपटी हालवे. एक दिवस माह्या मनात काय आलं देव जाने, गेटपाशी थांबलो आन पट्टाच काढून घेतला तिचा. जा म्हनलं घरी. गेली ना! लिफ्टले ते भेते, जिन्यानं तीन मजले सपासप चढली, मी हाफत वर पोहोचलो तं दारापाशी बसून राहिली. काय सांगू तुम्हाले मले कसं वाटलं. वाटलं, झालो मी गायकी. मंग रोज तसंच, गेट आलं का ते मान खाली घाले, मी पट्टा काढो. मॅडमले सांगितलं नाही. काहून सांगितलं नाही, हे मले तवाच समजायले पायजे होतं.

लग्नाचे दिवस होते. मी पट्टा काढला आन मांगून वरात आली, आन त्याइनं फटाक्याची लड लावली अगदी आमच्या मांगं. तर्री उडाली अन् अशी पळाली का मले तिची शेपटीही दिसली नाही. मी तर्री तर्री बोंबलत निंघालो, डीजेत कोन ऐकते! नाल्याकडे गेलो, रेल्वे लाइनीकडे गेलो, बांधकामावरच्या बायाइले इचारलं, लाल कुत्री पाहिली का वं माय? फोन खिशात होता. दोनदा काढला, दोनदा ठेवून देला. मन म्हने, येइन, दिवस बुडायच्या आंधी येइन, जनावराले घर समजते. खरं सांगू का, भेवही होता, लय भेव होता, पन भेव आहे असं मी माह्या मनाले सांगत नव्हतो, बापाची रीत सांगत होतो.

सात वाजले तवा मॅडमच्या दारात उभा राहिलो. तर्री हरवली म्हनलं. कवा? म्हनलं, दुपारी. मॅडमचं तोंड पांढरं पडलं, काका, फोन काहून नाही केला? तिनं तिथंच उभ्या उभ्या जनावराइच्या डॉक्टराइले फोन लावले, तिसऱ्या फोनले सापडली. सहा घंटे मी पायानं हुडकली, तिनं तीन फोनात.

गेलो आम्ही. स्कूटरनं मांगचा पाय चुरला होता, एका चहावाल्यानं उचलून आनली होती. डॉक्टर म्हने, मी पट्टी केली, दुखनं कमी व्हायची सुई देली, पन ऑपरेशन मालकाले इचारल्याबिगर कसं करू? दुपारपासून वाट पाहून राहिलो, गळ्यात ना पट्टा ना नंबर. मंग तोच म्हने, ढिला असन, निसटला असन, होते असं. मॅडमनं माह्याकडे पाहिलं, निसटला ना काका? भाऊ, नुसती मान हालवायची होती. पट्टा माह्या खिशात होता, मुठीत धरलेला. आन तर्री, पायाले पट्टी बांधलेली, मले पाहून शेपटी आपटून राहिली होती टेबलावर. माह्याच्यानं झालं नाही. पट्टा काढला, टेबलावर ठेवला. म्हनलं, मॅडम, मी रोज काढत होतो. गायकीचं सांगितलं, दिवाबत्तीचं सांगितलं, सारं सांगितलं. मॅडम रडत होती, तशीच म्हने, काका, चाबी द्या.

बरोबर होतं तिचं. मी चाबी देली अन् पैदल घरी आलो. नंतर मंदा सांगे, पाय वाचला, लंगडते पन. मले घरात चैन पडे ना. साडेअकरा वाजले का चप्पल घालो, तेच नाले, तेच मोड, एकटा फिरो. मंदा चिडे, अहो, कुत्र्याबिगर कोनी कुत्रं फिरवते का, लोकं येडे म्हनतीन!

वीस-बावीस दिवसानं मॅडमचा फोन आला. दुसरा मानूस ठेवला होता त्याइनं, तो रोज सांगे घंटाभर फिरवली, आन फिरवे दहा मिनिटं. मॅडम म्हने, काका, माहा राग गेला नाही. पन खोटं बोलायची सोय असताना तुम्ही खरं बोलले. उद्यापासून या. पट्टा काढायचा नाही, आन काही झालं तं दिवाबत्तीची वाट पाहायची नाही, पहिला फोन मले. हो जी, म्हनलं. फोन ठेवला आन रडलो, सांगायले काय लाज.

हे पाहा, आलं गेट. आता पाहा हं, काय करते हे तर्री. थांबली ना? पाहा, मान खाली घातली. रोज घालते. लंगडी झाली ते माह्यापायी, तरी रोज इथं आली का मान खाली घालते आन वाट पाहते, आता म्हातारा पट्टा काढन. मी रोज म्हनतो, नाही वं माय, आता नाही. ते ऐकत नाही, उभीच राहते, मंग मीच थोडा ओढतो. ओढनं मले अजून जमत नाही भाऊ, बापानं कधी जनावर ओढलं नाही.

चाल वं तर्री. तुम्ही जा भाऊ आता, सुखी राहा, पोराबाळाइचं भलं होवो. आमाले तीन मजले चढायचे आहेत.