चार मानसायचा तंबू

...नाही, ते सारं ठीक हाये, पन मी आत गेलोच कायले? हे मले अजून समजून नाही राह्यलं. घर हाये ना माह्यं. दोन खोल्या हायेत, पंखा हाये, पलंग हाये, पलंगावर गादी हाये... एवढं असून सकाळी सकाळी, भरल्या गल्लीत, बनियन अन् पट्ट्याच्या चड्डीवर मी त्या कापडाच्या घरात शिरलो, आतून चेन लावून घेतली, अन् हात-पाय लांब करून पडलो. कायले?

तुमाले सांगतो, याचं मूळ हाये अॅसिडिटी. मागं माह्या छातीत दुखलं, तं संघदीपनं, म्हंजे माह्या पोरानं, गाडीत घातलं अन् सरळ अकोल्याले नेलं. तिथं छातीले वायरी लावून ठेवलं, अन् मंग डाक्टर म्हने, "काका, गॅस आहे." आता गॅसची बातमी गावात कोन सांगते? मंगरूळपीरभर एवढंच झालं का जानराव डायवरले अकोल्याले नेलं, अन् आपल्याकडं अकोल्याले नेलं म्हनलं का पुढचं लोक आपल्या मनानंच धरून चालतेत. पन त्या वायरी लागल्या होत्या तवा मी घाबरलो होतो, खोटं कायले बोलू, लय घाबरलो होतो, अन् तशातच बायकोचा, गंगूचा हात धरून बोलून गेलो, "गंगू, बरा झालो तं तुले एक रात बाहीर नेतो. तलावाकाठी राहू, मोकळ्या हवेत." आता पाहा, तीस वरीस यष्टी चालवली मी, साऱ्या जिल्ह्याले हिंडवलं, पन घरची बाई घरीच. ती काही बोलली नाही, नुसती मान हलवली. बोलली असती तं वादावादी करून शब्द मोडता आला असता हो, पन मान हलवनाऱ्या बाईचं मानसानं काय करावं?

तं झालं, निघालं तंबू घ्याचं. संघदीप कारंज्याले मास्तर हाये अन् त्याले सायकलचा नाद, सुट्टी आली का सायकलले पिशव्या बांधते अन् जाते कुठी रानात झोपाले. त्यानं मोबाईलवरून दोन तंबू बोलावले. एक मोठा, कार कॅम्पिंगचा. एक लहान, सायकल कॅम्पिंगचा. म्हने, "बाबा, एक ठेवू, एक आज संध्याकाळच्या आत वापस करू, उद्या ते घेत नाहीत." अन् मंग आमचं सुरू झालं. तो म्हने, "वजन पाहा, बाबा, वजन. लहानवाला ठेवू, सायकलवर बी जाते, गाडीत बी जाते." या पोराले वजनाचं असं येड लागलं हाये का त्यानं दातं घासाचा बरश अर्धा कापला. कायले? तं वजन. मी म्हनलं, "लेका, दारात गाडी उभी हाये, वजन का आपल्याले डोक्यावर न्याचं हाये? मी गादी नेईन, दोन उशा नेईन, पान्याची कॅन नेईन, तुह्यी माय पोळपाट नेईन, अन् तंबू मोठाच नेईन, ज्यात मानूस उभा राहून पँट घालू शकते."

अन् मले सांगा, हे तंबूवाले मानसं कशी मोजतेत? लहान तंबूवर लिहिलं होतं दोन मानसायचा. संघदीप त्यात झोपला, त्याचे खांदे दोन्हीकून कापडाले लागले. मी म्हनलं, "दुसरा मानूस कुठी झोपन, तुह्या पोटावर?" तं म्हने, "बाबा, यात दोन म्हनलं का एक समजाचा, अन् चार म्हनलं का दोन." वा! मी चव्वेचाळीस सीटच्या गाडीत वरतून तितकेच उभे नेले, तरी कंडक्टर म्हने, "सरका, मागं रिकामं हाये." अन् इथं चार म्हंजे दोन.

तं ठरलं का मोठा लावून पाहाचा. आंगनात गाडी उभी, म्हनून संघदीपनं तो गल्लीत लावला, अगदी दारासमोर. खाली सिमेट, खुंटी ठोकाले जागा नाही, पन तो तंबू खुंटीबिगर बी उभा राहाते, नुसत्या काड्यायवर. अन् रंग कसा? पांढरा. म्हने पांढऱ्यात गरम होत नाही. जाता जाता पोरगं सांगून गेलं, "बाबा, आत झोपून पाहा, चेन लावून पाहा, गुदमरते का ते समजन. पन चेन हळू ओढजा, कापड अडकते." अन् गेला कारंज्याले. गंगू बजारात गेली. अन् मी... मी आत गेलोच कायले हो?

पन खरं सांगू का? आत गेल्यावर बरं वाटलं. हवेच्या गादीवर पडलो, पाय लांब केले तं कापडाले लागले नाहीत, गंगूसाठी जागा उरली. म्हनलं, जमलं, हाच ठेवू. उठलो, चेन ओढली... अन् अडकलं कापड. वर ओढो तं येईना, खाली ओढो तं जाईना. अन् तेवढ्यात बाहीरून आवाज आला. आमच्या गल्लीतल्या टेंट हाऊसवाल्या गुलाम नबीचा.

"या अल्ला... जानराव भाई के दारात मांडव?"

आता तुमीच सांगा, आपल्या इकडं दारात कापड कवा लागते? एक तं लग्न, नाही तं मयत. अन् माह्या घरी लग्नाचं कोनी बोलत नाही, अन् मी तं अकोल्याहून आलेला! मी तोंड उघडनार, तं आनखी एक आवाज. गोविंदा. माह्या गाडीवरचा कंडक्टर, बारा गावचं पानी प्यालेला मानूस, पन रडून राह्यला होता हो. "माती कवा हाये?" म्हने. गुलाम नबी म्हने, "मेरेको किसीने बोलाच नहीं. मैं हूँ ना गल्ली में, फिर ये इतनासा मांडव कहाँसे मंगाया? जानराव भाई का लंबा कद... इसमें पाँव बी नहीं आते." अन् तो पोरायले फोन लावून म्हने, "बडा वाला निकालो, कुर्सियाँ भरो, पैसा-बैसा कुछ नहीं."

तुमी म्हनान, ओरडला काहून नाही? कसा ओरडू? बनियन-चड्डीवर निघून काय सांगू? अन् दुसरं बी एक होतं. मले ऐकाचं होतं. मेल्यावर लोक काय बोलतेत ते कोनाले ऐकाले भेटते? दाबून धरला श्वास अन् पडून राह्यलो. तं गोविंदा म्हने, "मानूस चांगला होता. कधी गाडी लेट नाही, कोनाले घाटात सोडलं नाही. पन एक सांगू, नबीभाई? घरच्यायचा पास भेटे आमाले, मी माह्या बायकोले अजिंठा दाखवला, नागपूर दाखवलं. यानं गंगू वहिनीले कुठी नेलं नाही. आता नेनार होता म्हने तलावावर. तेबी राह्यलं."

मले वाटलं होतं तारीफ ऐकीन. ते ऐकून माह्ये कान गरम झाले, अन् लाज वाटली, लय लाज वाटली.

अन् तेवढ्यात चपला वाजल्या. गंगू आली होती. त्या आवाजावरून वळखली मी. गुलाम नबी म्हने, "भाभी, सब्र करो." ती म्हने, "काय झालं?" उत्तराले गोविंदाचा हुंदकाच आला. मंग पिशवी खाली पडल्याचा आवाज आला, अन् माह्यी गंगू, जी कधी काही बोलत नाही, ती हळूच म्हने, "सकाळी तं पोहे खाल्ले त्यायनं. मिरची जास्त झाली म्हने."

तुमाले सांगतो, घाटात ब्रेक गेले होते एकदा माह्ये, तवा बी एवढा जीव उडाला नव्हता. मी चेनीवर झेप घेतली, तंबू हालला, अन् मी वरडलो, "गंगू, मी जित्ता हावो!" बाहीर एकच पयापय. गोविंदा कंडक्टर, जो दारुड्यायले चालत्या गाडीतून उतरवत होता, तो नालीत पडला. चेन काही निघेना. मी म्हनलं, "गंगू, चेन अडकली, थांब, हळू ओढ, कापड फाटलं तं वापस घेनार नाहीत..." ती कायची थांबते? घरात गेली, विळा आनला, अन् वरून खालपर्यंत सरळ फाडला तंबू. माह्या नाकाजवळून विळा गेला. मी बाहीर निघालो, चड्डीवर, साऱ्या गल्लीसमोर. तिनं माह्या तोंडावरून हात फिरवला अन् तिथंच मटकन बसून लय रडली. मले बी रडू आलं. गुलाम नबीच्या कुर्स्या आल्या होत्या, त्यावर बसून साऱ्यायनं चहा पेला.

संध्याकाळी संघदीप आला. चिरलेला तंबू पाह्यला. मोठा वापस होईना, म्हनून लहान वापस करू म्हनलं तं गंगूनं हात आडवा केला. म्हने, "हा दोन मानसायचा, म्हंजे एकाचा ना?"

"हो, आई."

"मंग हा माहा. मी तलावावर जानार."

"अन् बाबा?"

"त्यायले गाडी हाये ना."

तं गेलो तलावावर, शब्द पुरा केला मी. पोरानं आपल्यासाठी दोन झाडायले झोळी बांधली. गंगू लहान तंबूत अशी गाढ झोपली का सकाळी उठून म्हने, आनखी एक रात राहू. अन् मी? मी गाडीत. पोरगं म्हने, "बाबा, यालेच तं कार कॅम्पिंग म्हनतेत." याले? अरे, उभी नोकरी मुक्कामी गाडी नेली मी, रातभर गावाच्या पाराजवळ गाडी लावून गाडीतच झोपलो. आता रिटायर झालो, गल्लीसमोर मेलो, मरून जित्ता झालो, अन् पुन्हा मुक्कामालेच. जाऊ द्या... पन यष्टीत पाय तरी सरळ होत होते.