सोडलेला हात

आमच्या थोरल्या भावाला, सोपानला, कुस्तीचं नाव काढलेलं का चालत नाही, ते सांगतो. बहात्तरच्या दुष्काळानंतरची गोष्ट. तळेगावच्या यात्रेत त्याची कुस्ती यवतच्या गणपत पैलवानाशी ठरली होती. त्याआधी महिनाभर दोघं बाजारात भेटले की जुंपायची.

गणपत म्हणायचा, "सोपान्या, यात्रेला येताना खाट घिऊन ये. चालत घरी जायाचा न्हाईस."

"आन् तू तोंड झाकायला फडकं आण," सोपान म्हणायचा.

यात्रेच्या दिवशी सोपान लंगोट कसत होता, तेव्हा गणपत जवळ आला आणि हळूच म्हणाला, "तुझा डावा खांदा निखळला व्हता, ठावं हाय मला. त्या हाताला मी हात घालणार न्हाई. बिनघोर लढ."

सोपान भडकला. "भीक नगं. धर तोच हात."

कुस्तीत एकदा तो हात गणपतच्या पकडीत आयता सापडला. एक हिसका पुरला असता, पण त्यानं हात सोडून दिला. तेवढ्यात सोपाननं टांग मारून त्याला चीत केलं.

आम्ही सोपानला खांद्यावर घेतलं. यवतकरांनी मात्र हात सोडलेला पाहिला होता. ते गणपतच्या तोंडावर म्हणाले, "कुस्ती विकलीस." तो कपडे उचलून निघून गेला. पुन्हा कधी तालमीतही गेला नाही.

सोपाननंही लंगोट कायमचा खुंटीला टांगला. परवा विषय निघाला तर म्हणाला, "मी तुमच्या खांद्यावर बसून समदं ऐकत व्हतो रे. त्यानं माझा खांदा वाचवला, एवढंच बोलायचं व्हतं, ते बोललो न्हाई."