हसरा मेसेज

थोरल्या नातीला जुळं झालं, त्या वर्षी बायकोच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मी इस्पितळात बसलो होतो. शेजारी एक बहीण-भाऊ होते. त्यांचे वडील आत, अतिदक्षता विभागात.

“दादा, अण्णा तपासणीला का आले नाहीत, माहितीये?”

“विसरले असतील.”

“ते कसले विसरतात! इस्पितळाचा मेसेज मला वाचून दाखवला. ‘तुमचं हृदय आमच्याकडे सुरक्षित आहे. लवकरच भेटू!’ म्हणाले, बघ, सगळं ठीक आहे. बोलावतील तेव्हा जाऊ.”

“अगं, तो मीच लिहिलाय.”

“तू? तू तर साबणाच्या जाहिराती करतोस ना?”

“इस्पितळाचंही काम असतं. तपासणीची तारीख बघून लोक धास्तावतात, म्हणून मेसेजमधून ती काढून टाकली. ऑफिसात सगळ्यांना आवडला होता मेसेज.”

“पण काय समजलं, ते विचारलंस कुणाला? इथली सिस्टर बघ. गोळी समजावते आणि म्हणते, आजोबा, आता तुम्ही मला सांगा, कधी घ्यायची.”

“मेसेज किती जणांनी उघडला, तेवढंच आम्ही बघतो.”

“अण्णांनी उघडला की. शेजारीपाजारी दाखवत फिरले.”

“त्यांना एकदा सांगायचंय, माझं चुकलं म्हणून.”

“शुद्धीवर तर येऊ देत.”

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी सकाळी, मी बायकोला घरी न्यायला निघालो तेव्हा त्यांचे अण्णा वारले होते.