कुदळ्याची सरळ चोच

...नाही, पाखरांची काहीच तक्रार नाही हो, तक्रार आहे ती फोटो बघणाऱ्यांची! पाखरू आपलं चिखलात उभं राहून कुर्ल्या शोधत असतं, त्याला ना फोटोची हौस ना प्रदर्शनाची. हौस होती ती आमच्या मालवणच्या बाजारातल्या गुरुदास फोटोवाल्याला. आणि तुम्हाला सांगतो, माणसानं हौस खुशाल करावी, पण मित्रांना दाखवू नये. कारण मित्र काय म्हणतात? "फोटो बरो आसा, पण..."

आता हा गुरुदास कोण, तर लग्न जुळवायचे फोटो काढणारा. देवगडपासून वेंगुर्ल्यापर्यंत मुलगी दाखवायची म्हटली की आधी याच्याकडे आणायची, कारण त्याची सगळी करामत कॅमेऱ्यात नव्हती, पेन्सिलीत होती! निगेटिव्ह काचेवर ठेवायची, खालून उजेड, मग टोकदार पेन्सिल आणि पात्याचं टोक घेऊन असं काही बसायचं की तिरळा डोळा सरळ, बसकं नाक वर, देवीचे व्रण गायब! फोटोवर होकार यायचा, लग्न लागायचं, आणि मागाहून एखादी सासू तणतणत आली, "फोटोत येगळी दिसलेली ती," की हा शांतपणे म्हणायचा, "जागरणान तोंड उतारला आसतला."

पण कंटाळला हो माणूस. चाळिशी उलटली, उद्या मेलो तर लोक म्हणणार, 'लग्नाचो फोटोवालो गेलो', याचं त्याला मनापासून वाईट वाटायचं. मुंबईला फोटोंचं प्रदर्शन भरतं, त्यात आपला एक फोटो भिंतीवर लागावा, एकच, ज्यात कुणाचं नाक वर करायचं नाही... एवढंच मागणं!

म्हणून गेला कोळंबच्या खाडीत, सुकतीच्या म्हणजे ओहोटीच्या वेळी. तिथे कुदळे येतात. पांढरं अंग, काळं डोकं, आणि चोच ही अशी कुदळीसारखी वाकडी, म्हणून तर कुदळ्या! आता कुदळ्या काय स्टुलावर बसतो? हा एक पाऊल पुढे, तो दहा पावलं पुढे. हा गुडघाभर चिखलात, कॅमेरा डोक्यावर, एक चप्पल खाडीला अर्पण. शिंपल्या काढणारी आनंदी बराच वेळ बघत होती, शेवटी न राहवून विचारते, "फोटोवाल्यानू, तुमचा काय हरावला?" हा आपला पुन्हा कुदळ्याच्या मागे. पण एका सकाळी जमलं. काचेसारखं पाणी, एक कुदळ्या मान उचलून उभा, मागे एक होडी. घरी येईपर्यंत गुरुदास चिखलासकट हसत होता.

आणि मग दाखवला की मित्रांना! एक दाजी, ड्रॉइंग मास्तर, ज्यांना देवाचं चित्र दाखवलं तरी ते देवाचा अंगठा मोजतील. दुसरा लवू, जहाजावरचा, गळ्यात एडनहून आणलेला कॅमेरा, त्यात आजवर रोल घातलेला कुणी पाहिलेला नाही! दोघे बाकावर बसले. दाजींनी फोटो लांब धरला, जवळ धरला, एक डोळा मिटला. "गुरुदास, फोटो बरो आसा, पण पाखरू मधोमध कित्याक? बाजूक घे." घेतलं बाजूला. नवा फोटो धुतला, वाळवला, दाखवला. लवू म्हणतो, "फोटो बरो आसा, पण त्या होडयेन सगळा खाल्ल्यान. काढून टाक." टाकली काढून. देवीचे व्रण पुसणाऱ्याला होडी पुसायला काय? रात्र रात्र बसून पुसली, बायको रुक्मिणी जेवायला हाका मारून झोपली. परत दाखवला. दोघांनी मिळून फोटो उजेडात धरला... आणि एका सुरात, "बरो आसा रे, पण चोच वाकडी दिसता."

झालं! 'वाकडं दिसतं' हे शब्द ज्यानं वीस वर्षं रोज ऐकले, त्याचा हात कुठे जाणार? गेला पात्याकडे. डोक्यानं विचारच केला नाही हो, हातानंच काम उरकलं. चोच सरळ, अगदी वधूच्या नाकासारखी! दुसऱ्या दिवशी दोघांनी पाहिला आणि म्हणाले, "बरो आसा." पुढे 'पण' नाही! उभ्या जन्मात पहिल्यांदा 'पण' नाही! त्या आनंदात गुरुदासनं पार्सल पोस्टात टाकलं.

फोटो लागला हो भिंतीवर. नुसता लागला नाही, पहिला आला! गावात पेढे, दाजी आणि लवू छाती काढून, "फोटो आमच्या नजरेखालसून गेललो." आणि आठवड्यानं आगबोटीतून कोण उतरावं? पक्ष्यांचा अभ्यास करणारे एक मोठे साहेब, दुर्बीण, छत्री, फोटोची प्रत! म्हणतात, "काळं डोकं आणि सरळ चोच, असा पक्षी जगातल्या कुठल्याच पुस्तकात नाही. तुम्ही नवीन जात शोधलीत. दाखवा."

आता काय दाखवणार? खाडीत येणारा प्रत्येक कुदळ्या वाकडा!

रुक्मिणी म्हणाली, "खरा काय ता सांगान टाका एकदा." गुरुदास म्हणाला, "सांगतंय. आणि मगे सगळ्यो सासवो सुनांचे फोटो घेवन दुकानात इल्यो, तर त्यांका च्या तू करशीत?" रुक्मिणीनं क्षणभर विचार केला आणि साहेबांसाठी माशाचं तिखलं चढवलं.

तेव्हापासून दर थंडीत साहेब येतात. गुडघाभर चिखलात उभे राहतात, आणि गुरुदास शेजारी त्यांची छत्री धरून. स्वतःचा कॅमेरा त्यानं घरीच ठेवलाय, कारण काढील तो प्रत्येक खरा फोटो याच्याच विरुद्ध साक्ष देणार. समोरून काय एकेक देखणी पाखरं जातात, बोटं नुसती वळवळतात बिचाऱ्याची! आणि साहेब तरी किती चिकाटीचे, संध्याकाळी दुकानात फिल्म धुतात, यात तरी चोच सरळ दिसते का म्हणून ओला फोटो मोठ्या आशेनं पुढे करतात. फोटो सुंदर असतो हो, मागच्या वर्षीचा तर गुरुदासच्या स्वप्नातला होता. बघता बघता डोळे भरून आले त्याचे. पण करतो काय? फोटो लांब धरला, जवळ धरला, एक डोळा मिटला, आणि शुद्ध मराठीत म्हणाला, "फोटो बरा आहे साहेब, पण... तो हा नव्हे."