शेजारची खुर्ची

रविवारी सकाळच्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर एक गॅरेजवाले आणि त्यांची बायको बसली होती. त्यांच्या मांडीवर तेलकट पोतं, तिच्या मांडीवर हेल्मेट.

"अगं, इंजिनमधून टकटक येत होती. तशीच हाकली असती तर परत येताना इंजिन जाम झालं असतं."

"आणि आता काय झालंय? मोटरसायकल तिकडे, अर्धं इंजिन पोत्यात आणि आपण बसमध्ये."

"एक पार्ट मिळाला नाही म्हणून. नाहीतर काल कॉन्सर्टच्या पहिल्या गाण्याच्या आत जोडून आलो असतो."

"हो ना. 'तू पुढे हो, मी आलोच.' लग्नापासून तेच ऐकतेय."

"पार्किंगमध्ये सगळी गाणी ऐकू येत होती मला. मध्येच केवढ्या टाळ्या पडल्या! काय झालं होतं?"

"गायकाने विचारलं, आज कुणाच्या लग्नाचा वाढदिवस आहे का? मी हात वर केला. तर म्हणाला, मिस्टरांनाही उभं करा."

"अरे देवा! मग?"

"तुमच्या खुर्चीवरचं हेल्मेट उचलून दाखवलं."

"लाज काढलीस माझी. लोक हसले असतील."

"पोट धरून हसले. मग त्याने एक गाणं म्हटलं, खास नवरा-बायकोसाठी."

"म्हणजे आपल्यासाठी!"

"आपल्यासाठी कसलं? माझ्यासाठी आणि हेल्मेटसाठी. अख्खी कॉन्सर्ट शेजारी बसलं बिचारं, एकदाही उठून गेलं नाही."

"बरं, दे इकडे. मी धरतो ते."

"राहू दे. तुम्ही तुमचं इंजिन सांभाळा."