चिंचेनं घासलेली जास्वंद

…हसू नका हो! तुमाले सांगते, मी तं भल्यासाठीच केलं! देवाजवळची वस्तू मळली तं बाईमाणूस काय करते? घासते! समई घासते, तांब्या घासते, तसा पेनही घासला!

आता तो पेन काही साधा नव्हता. आमची निशिगंधा जपानात नोकरीले, तिनं वर्षाची बचत घालून तिथल्या एका म्हाताऱ्या कारागिराकडून बनवून घेतला. शाईचा पेन, झाडाच्या चिकाचे काळे कुळकुळीत थर अन् त्यावर सोन्याच्या भुकटीनं काढलेली जास्वंद… आपल्या पुसदच्या अंगणातली! फोटो मीच धाडलता. तीन महिने लागले त्या आजोबाले. काहून एवढं, तं मी कळंबच्या चिंतामणी गणपतीले नवस बोलली होती, पोरीले नोकरी लागली की सव्वा लाख वेळा तुझं नाव लिहीन. पोरगी म्हणे, "आई, याच पेनानं लिही."

पण सोन्याच्या पेनानं लिहाव कसं हो? मी ठेवला देव्हाऱ्यात! रोज हळद-कुंकू, चतुर्थीले पंचामृताची आंघोळ… अन् नाव लिहाले दहा रुपयाचा बॉलपेन, चार ओळीत हात दुखे अन् वही मिटे! आमचे हे म्हणत, "अवं, पेन हाय का मूर्ती?" मी म्हणे, तुम्ही गप बसा, तुमाले श्रद्धा नाही!

सहा महिन्यात चिकट झाला नं तो. अंगारकीले पितळेच्या भांड्यायसंगं घेतला, चिंच, मीठ, नारळाचा काथ्या… अन् चकाकाव म्हणून असा जोर लावला, असा जोर लावला… पाणी टाकलं तं जास्वंद गायब! उरल्या दोन पाकळ्या! शेजारचे बशीरभाई घड्याळं दुरुस्त करतात, धावतच गेली त्यायच्याकडे. भिंग लावून पाह्यलं त्यायनं. म्हणे, "भाभी, पेन तो अच्छा है… पर फूल कहाँ है?"

काय सांगू? मी तं भल्यासाठीच केलं!

संध्याकाळी पोरीचा व्हिडिओ कॉल. "आई, पेन दाखव." दाखवला, उलट्या बाजूनं. "फिरव नं." मी म्हटलं, "नेट गेलं व माय!" अन् केला बंद. अंगारकीचा उपास अन् तोंडात खोटं! चंद्र पाहून पान वाढलं, पण मोदक तसाच पानात ठेवून उठली.

लावला मग फोन. सगळं सांगितलं. पोरगी हळूच म्हणे, "ते पेनवाले आजोबा भेटले की दरवेळी विचारतात, आईच्या हाताले पेन जड तं नाही होत? काय सांगू त्यायले?"

मी म्हटलं, "त्या पेनानं लिहिलंच कुठं व मी…"

"मंग आता तरी लिही."

दुसऱ्या दिवशी शाई भरली, बसली. काय सांगू बाई, लोण्यावर बोट फिराव तसा चालला! पाचशे नावं झाली, हात म्हणून दुखला नाही. मधूनच त्या दोन पाकळ्या बोटाखाली येतात, मन कसनुसं होते… भल्यासाठीच केलं हो, पण चिंतामणीले पाह्यजे होतं नाव, अन् मी सहा महिने त्याच्या पेनाले आंघोळ घालत बसली!